ओव्हनचं बटण काढून नेणारा माणूस

चाचांचं आणि माझं पहिलं भांडण रबरी नळीवरून झालं. तेव्हा मी बीडला क्लासला आलेल्या पोरी राहतात त्या गल्लीत एक खोली घेऊन राहत होते आणि ऑर्डरीप्रमाणे केक करून देत होते. गाव माझं गेवराई तालुक्यातलं चकलांबा. संभाजीनगरला दोन वर्षं हॉटेलचं शिक्षण घेतलं, त्यात हाताला भाजायची कला लागली, आणि गावात केक कोण खाणार म्हणून बीडला आले. गॅसवरचा एक जुना ओव्हन होता. त्याची ज्योत पिवळी पडायला लागली आणि केकला खालून काजळी धरायला लागली, तेव्हा घरमालकिणीनं सांगितलं, स्टँडच्या मागं एक चाचा आहेत, शेगड्या दुरुस्त करतात, पण तोंडाचे फार वाईट आहेत.

चाचा आले ते ओव्हनकडे बघितलंच नाही. आधी खिडकीपाशी गेले. खिडकीपुढं मी साच्यांची चळत लावली होती, ती त्यांनी उचलून पलंगावर टाकली आणि खिडकी सताड उघडली. मग त्या साठीच्या माणसानं टोपी काढली, फरशीवर पालथं पडून गाल जमिनीला लावला आणि तसाच श्वास घेत राहिला. मला वाटलं, चक्कर आली. उठले तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "गॅस पान्यावानी असतोय. खाली बसतो. हुभं ऱ्हाऊन वास घेनाऱ्याला लई उशिरा कळतं."

मग त्यांनी माझी नळी काढली, वाकवून उन्हात धरली आणि बारीक भेगा दाखवल्या. मी म्हटलं, बरं, उद्या नवी आणते, आजच्या दिवस बसवा, संध्याकाळी वाढदिवसाचा केक द्यायचा आहे. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या नळीचे चार तुकडे केले. मी खूप बोलले. म्हातारा, वेडा, काय काय म्हणाले. ते पेटी उचलून निघून गेले. केक गेला, गिऱ्हाईक गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. चाचा नवी नळी घेऊन उभे होते. आत आले, बसवली, साबणाचा फेस लावून सांधे तपासले आणि गेले.

आज मी हे लिहिते आहे ते रागानं लिहिते आहे. पुढं ज्या माणसाबद्दल सांगणार आहे त्याच्यावरचा राग आहेच. बाकीचा माझ्यावरचा आहे, आणि तोच जास्त आहे.

चाचांच्या रागाच्या गोष्टी बीडमध्ये लोक हसत सांगायचे. त्यांच्या दुकानात शेगडी नेली की ते विचारायचे, शेवटचा हात कुणी लावला? 'कुणीच नाही, आपोआप बिघडली' असं म्हणणाऱ्याची शेगडी ते उचलून बाहेर ओट्यावर ठेवायचे आणि पुढच्याकडे वळायचे. मोबाईल होता, पण कामाचं बोलणं त्यावर करायचे नाहीत. फोनमध्ये आग दिसत नाही म्हणायचे. ज्योत दाखवून गिऱ्हाइकाला रंग विचारायचे आणि न बघता कुणी 'निळा' म्हटलं की पुन्हा वाकून बघायला लावायचे. त्यात बँकेतला साहेब असो की शाळेतल्या बाई. गावोगाव एसटीनंच जायचे. हत्यारांची पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन बसायचे, वरच्या फळीवर कधी ठेवायचे नाहीत, आणि कंडक्टर काही बोलला तर त्याच्याशीही भांडायचे.

एकदा एका लग्नाला पाहुणे म्हणून गेले होते. पंगत बसायची वेळ झाली होती. हात धुवायला म्हणून मागं गेले तर आचाऱ्याच्या शेगडीखालून सू सू आवाज येत होता. त्यांनी कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही, ओळीनं सगळ्या टाक्या बंद केल्या. पुऱ्या कढईत तशाच राहिल्या. नवऱ्या मुलाच्या दोन मामांनी त्यांची कॉलर धरली. चाचांनी तशा अवस्थेत साबणाचं पाणी मागून घेतलं आणि नळीवर ओतलं. आवळ्याएवढे बुडबुडे आले. कॉलर सुटली, पण 'बरं झालं' असं एकही माणूस म्हणाला नाही. जेवणाला उशीर झाला याचाच सगळ्यांना राग. चाचा न जेवता घरी गेले. मला ही गोष्ट सांगणारा पोट धरून हसत होता. मीही हसले होते.

पुढं मला धारूरला काम मिळालं. आमच्या गेवराईकडच्या एका मोठ्या बागायतदाराची धारूरच्या किल्ल्याच्या अंगाला माळरानाची जमीन होती. वजनदार माणूस. घरी पुढाऱ्यांची ऊठबस, दारात सतत चार गाड्या. सगळे त्याला मालक म्हणायचे, मीही अहो-जाहो करायची. आता करत नाही. त्यानं पुण्याहून जुनी कॅराव्हॅन विकत आणली होती. आम्ही तिला घरगाडी म्हणायचो. आत दोन पलंग, मोरी, छोटा ओटा, ओट्याखाली गॅसचा ओव्हन. थंडीच्या दिवसांत ती किल्ल्याजवळ माळावर उभी करायची, आणि लातूर-नांदेडकडची, पुण्याची माणसं दोन-दोन दिवस राहायला यायची. सकाळी ओव्हनमधून काढलेला गरम पाव, रात्री भाकरी-पिठलं, असं त्याचं कौतुक. ते सगळं करायला मला ठेवलं. मला त्या गाडीचा आणि त्या ओव्हनचा फार अभिमान होता. चकलांब्यात वडील लोकांना सांगायचे, पोरगी फिरत्या बंगल्यात काम करते.

दुसऱ्याच महिन्यात ओव्हनचं नाटक सुरू झालं. बटण दाबून धरलं की ज्योत लागायची, सोडलं की विझायची. ड्रायव्हरनं बटणाच्या फटीत काडी खुपसून ते दाबलेलं ठेवायचं सुरू केलं. चार दिवस चाललं. मग मीच बीडला जाऊन चाचांना घेऊन आले. धारूरच्या स्टँडवर उतरल्यावर गाडी पाठवलेली असूनही ते तीत बसले नाहीत. चालत आले, पेटी खांद्यावर घेऊन.

त्यांनी ती काडी पाहिली आणि ड्रायव्हरला असं काही झापलं, की तो बिचारा पुढं दिवसभर गाडीच्या मागच्या बाजूला फिरकला नाही. मग मला जवळ बोलावून बसवलं आणि ओव्हनच्या पोटात बॅटरी मारून दाखवलं. बर्नरशेजारी करंगळीपेक्षा बारीक एक दांडी होती, तिच्यातून तांब्याची तार बटणापर्यंत गेलेली. ज्योतीनं दांडी तापली की गॅसची वाट उघडी राहते. काही कारणानं ज्योत विझली तर दांडी गार होते आणि वाट आपोआप बंद होते. एवढंच तिचं काम. घाटातल्या धक्क्यांनी ती दांडी आपल्या जागेवरून सरकली होती आणि ज्योतीच्या बाहेर थंड बसून होती. चाचांनी ती परत ज्योतीत आणली, पॉलिश पेपरनं घासली, नट आधी बोटांनी आणि मग पान्यानं अगदी जरासा आवळला. बर्नरच्या हवेच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, ते टोकरून काढलं. ज्योत निळी झाली. मला वाटलं, झालं काम.

पण चाचा परत पालथे पडले. गाडीच्या फरशीला, ओट्याच्या खाली, तळहाताएवढं जाळीचं भोक होतं. गॅस गळला तर खालच्या खाली बाहेर पडावा म्हणून गाडी बनवणाऱ्यानं ठेवलेलं. धूळ येते, उंदीर येतात म्हणून मालकानं त्यात स्पंज कोंबून वरून चिकटपट्टी मारली होती. छताची खिडकीही एसीसाठी बंद केलेली. चाचांनी स्पंज उपसून बाहेर माळावर फेकला. नेमका मालक तिथं आला. चाचांनी त्याला तोंडावर सांगितलं, की हे भोक पुन्हा बुजवलं तर ही गाडी नाही, टाकी आहे, आणि माणसं तिच्यात कोंडलेली आहेत. मालकाला असं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तो हसला. चाचा गेल्यावर ड्रायव्हरला म्हणाला, डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं, बुजव ते. ड्रायव्हरनं बुजवलं. मी तिथंच उभी होते. पावावर धूळ बसत नाही, बरं झालं, असंच माझ्या मनात आलं.

डिसेंबरच्या शेवटी ओव्हन परत तसाच वागायला लागला. तेव्हा त्या आठवड्यात एकही दिवस गाडी रिकामी नव्हती. चाचा येणार म्हणून ड्रायव्हरनं स्पंज तेवढ्यापुरता काढून ठेवला होता. चाचा आले, दांडी काढून बघितली, म्हणाले ही आता मेली. नवी पुण्याहून मागवावी लागेल, आठ-दहा दिवस जातील. मालकानं विचारलं, तोवर काय? तोवर काही नाही, चाचा म्हणाले. मालक म्हणाला, ती दांडी काढून सरळ नळी जोडता येते, माझा भाचा फ्रीज-एसीचं काम करतो, तो म्हणाला पाच मिनिटांचं काम आहे.

चाचांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "आग इझली तर गॅस कोन बंद करील? तुमी?"

मालक म्हणाला, आमची बाई समोरच असते की. म्हणजे मी. आणि मी, त्या ओव्हनच्या तोऱ्यात असलेली मी, पुढं होऊन म्हणाले, "चाचा, मी लक्ष ठेवते ना. तात्पुरतं करा. इतकं काय ताणता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बसले, ओव्हनचं बटण दोन बोटांनी धरून ओढून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. ओव्हनला नुसती लोखंडी कांडी उरली. पेटी खांद्याला लावली आणि चालायला लागले. मालक मागून ओरडला की चोरीची तक्रार देईन. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी त्यांच्या मागं धावत गेले आणि माळावर जाऊन भांडले. म्हटलं, तुमच्या हट्टापायी माझं काम जाईल, तुमचं काय जातंय. ते थांबले. म्हणाले, "दांडी आली की मीच घिऊन येतो. तवर पाव तव्यावर भाज." आणि उताराला लागले.

मला त्यांचा इतका संताप आला होता, की संध्याकाळी मालकाचा भाचा आला तेव्हा मीच त्याला बॅटरी धरून दाखवली. त्यानं तार कापली, पितळी नळी सरळ जोडली, कुठल्याशा शेगडीचं बटण बसवलं. ओव्हन एका काडीत पेटला. त्या रात्री मी केक केला आणि मनात म्हटलं, बघा म्हणावं चाचा.

तिसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. लातूरचं एक कुटुंब उतरलं होतं. शिक्षक नवरा-बायको आणि आठेक वर्षांची मुलगी. सात-साडेसात वाजले असतील. मी येऊन ओव्हन मंद आचेवर तापायला लावला. त्याच्या दाराची कडी सैल होती, दार बोटभर उघडं राहायचं. नवरा कॅमेरा घेऊन किल्ल्याकडे गेला होता, बायको मोरीत तोंड धूत होती. मी हंडा घेऊन पाण्याच्या टाकीकडे निघाले तर मुलगी माझ्या मागं पळत आली, आणि येताना गाडीचं दार तसंच उघडं राहिलं. माळावर सकाळी वारा फार असतो. मी तिला टाकीवर बसलेली चिमणी दाखवली, हंडा भरला, तिनं तिच्या शाळेचं काहीतरी सांगितलं. पंधरा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात आतून बाईंनी दार ओढून घेतल्याचा आवाज आला, थंडी वाजली असेल.

ज्योत वाऱ्यानं विझली होती. गॅस चालूच होता. खालचं भोक स्पंजानं बुजवलेलं. बाईंनी चहासाठी वरच्या शेगडीला लायटर लावला.

आवाज मोठा झाला नाही. जाड सतरंजी झटकल्यावर होतो तेवढाच. काचा मात्र बाहेर आल्या. ड्रायव्हर पळत गेला, त्यानं बाहेरच्या कप्प्यातली टाकी बंद केली आणि बाईंना ओढून काढलं. दोन्ही हात, गळा आणि चेहऱ्याची डावी बाजू. मी हंडा त्यांच्यावर ओतला. मुलगी पाण्याच्या टाकीपाशीच उभी होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. ती माझ्या मागं आली नसती तर, हा विचार मी आजही पूर्ण करू शकत नाही.

त्यांना आधी धारूरच्या दवाखान्यात आणि तिथून बीडला हलवलं. दुसऱ्या दिवशी मालकानं मला घरी बोलावलं. चहा दिला. अगदी वडिलांसारखा बोलला. शेवटची दुरुस्ती बीडच्या त्या चाचानं केली, एवढंच सांगायचं, म्हणाला. भाचा इथं आलाच नव्हता, असंही सांगायचं. मग म्हणाला, "नाहीतर ओव्हन कुणी पेटवून ठेवला, हे विचारतील. आणि त्याचं नाव लिहिलं की कुणी फार खोलात जाणार नाही. त्याच्यामागं कोण उभं राहणार आहे?"

त्याचं नाव, म्हणजे कसलं नाव, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ते मला ऐकू आलं आणि मी उठून गेले नाही. हवालदार आला, त्यानं लिहिलं, मी सही केली. सही करताना माझा हात जरासुद्धा थरथरला नाही. थरथरला होता असं सांगितलं तर बरं वाटेल, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते, की नाही थरथरला.

चाचांना ठाण्यात बोलावलं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, असे तीन दिवस. पहिल्या दिवशी त्यांनी खिशातून बटण काढून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, ओव्हन पेटूच नये म्हणून मी हे काढून नेलं होतं. तिथला माणूस म्हणाला, म्हणजे छेडछाड केली हे तुम्हीच कबूल करता. त्यानंतर चाचा काही बोललेच नाहीत. ज्या माणसानं एसटीच्या कंडक्टरला सोडलं नाही, तो तिथं तोंड मिटून बसला. दुकान दहा-बारा दिवस बंद होतं. उघडलं तेव्हा लोक येऊन आपापल्या शेगड्या परत घेऊन गेले. ज्यांच्या घरात त्यांनी वीस वर्षं नळ्या बदलल्या, तेही. मला हे सगळं ड्रायव्हर सांगायचा आणि मी ऐकायची.

दोन आठवड्यांनी मी बीडला त्या बाईंना बघायला गेले. खरं तर त्यांना नाही, मुलीला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बाईंचे पती बसले होते आणि त्यांच्या शेजारी, मांडीवर पेटी घेऊन, चाचा. मला वाटलं, माफी मागायला, केस मागं घ्या म्हणून विनवायला आले असतील. नंतर कळलं, ठाण्यातून सुटल्यापासून ते रोज दुपारी यायचे. पतींनी त्यांना विचारलं होतं, हे झालं कसं, आणि चाचांनी त्यांना कागदावर चित्र काढून ज्योत, दांडी, नळी, फरशीचं भोक, सगळं समजावून दिलं होतं. ओव्हन कुणी पेटवला आणि तार कुणी कापली, याबद्दल मात्र ते एवढंच म्हणाले होते, की मी तिथं नव्हतो, जे पाहिलं नाही ते सांगणार नाही.

मला बघून चाचा उठले आणि जिन्यापाशी आले. मी मनात शिव्यांची तयारी करून उभी राहिले.

"लिहून दिलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खोटं हाय ते म्हाईत व्हतं?"

"हो."

त्यांनी पेटी खांद्याला लावली. मग म्हणाले, "मंग हितं कावून आलाव? ठान्याला जावा तुमी."

तोपर्यंत त्यांनी मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून ए पोरी, तू, तुला. त्या एका शब्दानं मी जितकी खाली गेले, तितकी त्यांच्या शिव्यांनी गेले नसते.

मी बाकापाशी परत जाऊन बाईंच्या पतींना सांगितलं. ओव्हन मी पेटवला, तार कापताना बॅटरी मी धरली, सही मी केली. त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी चाचांच्या चित्राचा कागद घडी करून खिशात घातला. मग चप्पल घातली आणि म्हणाले, चला.

ठाण्यात आमचं कुणी ऐकेना. साहेब नाहीत, उद्या या. आम्ही बसून राहिलो. संध्याकाळी साहेब आले आणि म्हणाले, आधीचा जबाब खोटा म्हणता म्हणजे तुमच्यावरही येईल, विचार करा, वय काय तुमचं, लग्न व्हायचंय. मी म्हटलं, येऊ द्या. बाईंच्या पतींनी त्यांच्यापुढं चाचांचं चित्र ठेवलं आणि म्हणाले, जप्त केलेला ओव्हन उघडून एकदा याच्याशी ताडून बघा. ओव्हन तिथंच पडलेला होता. पंधरा दिवसांत कुणी त्याची मागची पट्टीसुद्धा काढली नव्हती. याचा मला आजही इतका राग येतो, की लिहिताना पेन कागदात रुततं. पट्टी काढली. पितळी नळी समोर आली.

पुढं जे झालं ते झालं म्हणायचं. माझा दुसरा जबाब घेतला. मालक, भाचा आणि मी, तिघांवर गुन्हा नोंदला गेला. चाचांचं नाव काढलं. काम सुटलं, ते तर सुटणारच होतं. मालकाच्या माणसांनी चकलांब्यात आमच्या शेताकडे जायची वाट अडवली. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलले तेव्हा म्हणाले, वाट दुसरीकडून काढली आहे. तारखा चालू आहेत. मालक कोर्टाच्या आवारात मोठ्या गाडीतून उतरतो, लोक त्याला वाकून नमस्कार करतात, आणि मी वडाच्या पाराशेजारी एकटी उभी असते. भाच्याच्या दुकानाला नवी पाटी लागली आहे. घरगाडीला नव्या काचा बसल्या, रंग दिला, आणि ती आता दुसरीकडे कुठंतरी भाड्यानं जाते असं ऐकते. त्या बाईंचा डावा हात पूर्ण उघडत नाही. त्या फळ्यावर उजव्या हातानं लिहितात, म्हणून नोकरी टिकली, असं त्यांचे पती एकदा म्हणाले. ते हे समाधानानं म्हणाले, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी बीडमध्येच एक गाळा घेऊन पाव-बिस्किटांची भट्टी टाकली. मोठा ओव्हन, दोन टाक्या. चाचांना बोलवायचं धाडस नव्हतं. दुकान उघडून तिसरा दिवस होता, तर पेटी घेऊन ते दारात. विचारलं नाही, सांगितलं नाही. आत गेले, टाक्या बघितल्या, नळ्या वाकवून बघितल्या, टोपी काढून फरशीवर पडले, उठले. मागची खिडकी मी पोत्यांनी झाकली होती. मला वाटलं, आता पोती रस्त्यावर जाणार.

"ह्ये पोते जरा बाजूला घ्या," ते म्हणाले. "जमल तसं."

दर तीन महिन्यांनी येतात. काम चोख करतात. सगळ्या गल्लीत त्यांचा आवाज परत घुमायला लागला आहे. लोक विसरले, शेगड्या परत त्यांच्याकडे जातात, आणि ते परत ओट्यावर फेकतात. शेजारच्या वडेवाल्याला तर ते असं बोलतात, की त्याची गिऱ्हाइकं हसू दाबून उभी राहतात. मला मात्र एकदाही नाही. एकदा मी मुद्दाम जुनी, भेगाळलेली नळी लावून ठेवली. टाकी बंद करून ठेवली होती, तेवढी अक्कल आता आहे. वाटलं, चाकू काढतील, तुकडे करतील, चार शब्द तरी सुनावतील. त्यांनी ती अलगद काढली, नीट गुंडाळून माझ्या हातात दिली आणि पेटीतली नवी बसवली.

मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही सगळ्या बीडवर रागावता. मला एकदा शिव्या घाला की."

ते पान्याला लागलेलं तेल फडक्यानं पुसत होते. 

"ज्याला सांगून उपेग हाय त्याच्यावर रागावतो मी," ते म्हणाले. "तुमाला सांगितलं व्हतं."

पेटी बंद करून ते शेजारी गेले. वडेवाल्यानं टाकी आडवी ठेवली होती. चाचांचा आवाज चढला, त्याच्या खानदानाचा उद्धार झाला, आणि वडेवाला मान खाली घालून टाकी सरळ करायला लागला. मी गल्ल्यापाशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं.